कुरळ्या कोबीचा राजा

१२ नोव्हेंबर

डॉक्टरबाई म्हणाल्या, "रोज काय खाल्लंत आणि नंतर पोटाला काय झालं, ते लिहून ठेवा." नळी घालून बघून झालं, रक्त तपासून झालं. "पोट तर तुमचं विशीतल्या पोरासारखं आहे, ब्रुंकेनसाहेब," म्हणतात. मग दुखतंय ते काय शेजाऱ्याचं पोट?

मी खाटीक आहे. साधासुधा नाही, बेरेंड ओल्टमान्सच्या दुकानातला खाटीक, आणि वर त्याचा जावई. बायकोच्या, म्हणजे गेशेच्या, पणजोबांनी काढलेलं दुकान. दारावर पितळी डुक्कर आहे, त्याचं नाक हात लावून लावून झिजलंय. अशा दुकानातल्या माणसाला मांसाचा घास तोंडात गेला की मळमळतं, हे गावात कळलं तर लोक पोट धरून हसतील, आणि मग दुसऱ्या दुकानात जातील.

गेशेला काही सांगितलेलं नाही. दुकान म्हणजे तिचा जीव.

आज: सकाळी पाव-लोणी. दुपारी बटाटे आणि बीट. रात्री गेशेने चॉप्स तळले होते, माझा अंटोनने खाल्ला. अंटोन म्हणजे आमचा कुत्रा. जेवताना टेबलाखालीच पसरलेला असतो, त्यामुळे सोय होते. पोट: ठीक.

१७ नोव्हेंबर

सोमवार, म्हणजे मागच्या खोलीत कापायचा दिवस. पलीकडच्या शेतावरच्या ओन्नोच्या गोठ्यातून दोन डुकरं आली. काम नेहमीसारखं झालं. हात थरथरला नाही. सासरेबुवांनी मला शिकवायला घेतलं तेव्हाच बजावलं होतं, "ज्या दिवशी हात थरथरेल त्या दिवशी सुरी खाली ठेवायची. आपल्या भित्रेपणापायी जनावराचे हाल करायचे नाहीत." हात थरथरत नाही, म्हणजे माझं सगळं ठीक आहे. पोटाचंच काय ते.

कधीपासून दुखतं, असं डॉक्टरबाईंनी विचारलं होतं. आठवून बघितलं. मे महिन्यापासून. मेमध्ये तसं विशेष काही घडलेलं नाही. ओन्नोने एक डुकरीण आणली होती. त्याच्या धाकटीने बाटलीने दूध पाजून वाढवलेली, लिनी नावाची. बाकीच्यांना मागून रेटावं लागतं. ही आपली गाडीतून उतरली आणि माझ्या मागोमाग चालत आत आली. माझ्या एप्रनच्या खिशात नाक खुपसून काहीतरी हुडकत होती. गेशे मागच्या दारात सफरचंद खात उभी होती, तिने उरलेलं अर्धं लिनीपुढे धरलं, तर ते न घेता ही परत माझ्याच खिशाकडे. मग मी माझं काम केलं. दुपारच्या जेवणाला कांदा घातलेलं यकृत होतं. कांदा कच्चा राहिला असणार. तेव्हापासूनच हे सुरू झालं.

डॉक्टरबाईंना कांद्याचं सांगायला हवं.

२६ नोव्हेंबर

आज पाळकबाई दुकानात आल्या. इम्के हार्म्स. चर्चमध्ये येऊन वर्षही झालेलं नाही, आणि मांस खात नाहीत हे सगळ्या गावाला ठाऊक. आल्या होत्या मोहरी घ्यायला. सासरेबुवा गल्ल्यावर बसले होते, ते कशाला सोडतायत!

"काय पाळकबाई, आज मोहरी कशाला लावून खाणार? प्रार्थनेच्या पुस्तकाला?"

"अंड्याला, बेरेंडकाका. तुम्हाला हवं असेल तर पुस्तकालाही लावून बघते."

सासरेबुवा खूष. त्यांना उलट उत्तर देणारं माणूस आवडतं. मीच आपला मध्ये पडलो. म्हटलं, तुमचा टोमॅटो हिवाळ्यात स्पेनहून ट्रकने येतो आणि आमचं डुक्कर पलीकडच्या गोठ्यातून चालत येतं, मग पाप कुणाचं मोठं? आणि ही आमची पाणथळ जमीन, इथे गवताशिवाय काय उगवतं? गवत काय माणसांनी खायचं? आणि डुकरं कुणी खाल्लीच नाहीत तर पाळणार कोण, जन्माला तरी कोण घालणार? एकामागून एक बोलतच गेलो. आवाजही चढला असावा, कारण गेशे आतून बाहेर आली.

बाई शांतपणे म्हणाल्या, "गवत गाई खातात, ब्रुंकेनसाहेब. डुकरं नाही. पण बाकीचं तुमचं बरंचसं पटतं मला. तुम्ही निदान स्वतःच्या हाताने मारता आणि जनावराच्या डोळ्यांत बघता. पाकिटातलं मांस उचलून नेणाऱ्यांशी मी वाद घालतच नाही." मग मोहरीची बाटली पिशवीत टाकता टाकता विचारलं, "तुम्हाला स्वतःला सगळ्यात जास्त काय आवडतं यातलं?"

समोर काचेखाली सगळं मांडलेलं. मला एकाचंही नाव आठवेना. गेशे म्हणाली, "त्याला सगळंच आवडतं." बरं झालं, वेळेवर धावून आली.

घरी आल्यावरही मी त्या बाईवर चिडलेलोच होतो. का, ते कळत नाही. तिने वाईट काहीच म्हटलं नव्हतं.

आज: पाव, चीज, वाटाण्याचं सूप. सूपमधलं मांस अंटोनला. पोट: ठीक, पण झोप नाही.

८ डिसेंबर

अंटोनला पशुवैद्याकडे नेलं. तो त्याला उचलायला गेला आणि कंबर धरून उभा राहिला. "ब्रुंकेनसाहेब, हा कुत्रा आहे की सोफा? काय घालता काय याला?"

मी म्हटलं, थोडं उरलंसुरलं. खरं म्हणजे माझ्या वाट्याचंच तेवढं जातं त्याच्या पोटात. एका माणसाच्या जेवणाने कुत्रा इतका कसा सुटेल? गेशेला विचारलं, तू काही घालतेस का त्याला? ती मान खाली घालून मोजे रफू करत होती. "मी कशाला घालू? शेजारचे घालत असतील." शेजाऱ्यांना विचारायला हवं.

२५ डिसेंबर

नाताळचं हंस-भोजन. गेशेने हंस असा भाजला होता की सासरेबुवांच्या डोळ्यांत पाणी आलं. ती स्वतः मात्र सारखी उठबस करत होती, सॉस आण, कोबी आण. बसली कधी ते कळलंच नाही. मला तेच बरं पडलं, माझ्या थाळीकडे बघायला तिला फुरसत नव्हती. अंटोन संध्याकाळी जिना चढू शकला नाही.

जेवण झाल्यावर सासरेबुवांनी चमच्याने ग्लास वाजवला. आम्ही तिघंच, तरी वाजवला. "मी आता अठ्ठ्याहत्तरचा झालो. जानेवारीअखेर आपली कुरळा कोबी खायला जायची सहल झाली की पुढच्या मंगळवारी नोटरीकडे जायचं. दुकान तुमच्या दोघांच्या नावावर. पितळी डुकरासकट."

मी गेशेकडे बघितलं. तिचे ओठ थरथरत होते. आनंदाने माणसाला असं होतं. मग ती म्हणाली, "आयलर्ट, तुला दुकानाशिवाय जगता येईल का रे? खरं सांग."

हा प्रश्न तिने माझ्या तोंडून 'नाही' ऐकायला विचारला होता, एवढं न कळण्याइतका मी बैल नाही. छातीवर हात ठेवून म्हटलं, "एक दिवसही नाही." तिने हळूच मान डोलावली आणि उठून भांडी घासायला गेली. बराच वेळ नळ चालू होता.

मी मनात म्हणत होतो, सांग, आता सांगून टाक. पण कशाच्या आधारावर सांगू? चार पिढ्यांचं दुकान आणि माझं एकट्याचं पोट. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

११ जानेवारी

आज गेशे चर्चला गेली होती. घरात एकटा होतो, म्हणून ठरवलं, या पोटाचा एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा. आपल्याच दुकानातलं पिंकेल सॉसेज उकळलं, मी स्वतः भरलेलं, त्यात काय आहे ते मला ठाऊक: चरबी, कांदा, ओटचा भरडा, मसाला. टेबलाशी बसलो. कापलं. वास नेहमीसारखाच चांगला, तोंडाला पाणीही सुटलं. म्हणजे आवडत नाही असं नाही! घास तोंडापर्यंत नेला आणि एप्रनच्या खिशात कुणीतरी नाक खुपसतंय असं वाटलं. रविवार होता, मी एप्रनही घातला नव्हता.

घास अंटोनला दिला. तो खाऊन झोपला.

मी काही शाकाहारी नाही. ती माणसं वेगळी असतात, त्यांची मतं असतात. माझं मत काहीच नाही. उद्या सोमवार आहे, उद्या मी काम करणार आहे, आणि ते चुकीचं आहे असं मला वाटत नाही. वाटत असतं तर सोपं झालं असतं. मला एवढंच कळेना की हात एक म्हणतो, घसा दुसरंच, आणि दोन्ही माझेच.

१ फेब्रुवारी

काल कोबीची सहल झाली. डोकं अजून दुखतंय. जे झालं ते लिहून काढतो, निदान मला तरी समजेल.

थंडी कडाक्याची होती, कालवा गोठलेला. आमच्या मंडळाची सगळी माणसं हातगाडीवर दारूच्या बाटल्या लादून निघाली. रस्त्याने लाकडी गोळे लांब फेकायची शर्यत, दर वळणावर एकेक घोट. पाळकबाई पहिल्यांदाच आल्या होत्या. त्यांनी गोळा इतक्या लांब फेकला की सासरेबुवा म्हणाले, "मांस न खाता एवढा जोर, मग खाल्लं असतं तर गोळा हॉलंडात पडला असता!"

खानावळीत शिरताना नेहमीप्रमाणे वजनं झाली. धान्याचा जुना काटा आहे, अंगावरच्या कपड्यांसकट उभं राहायचं, सासरेबुवा खडूने फळ्यावर आकडा लिहितात. जेवणानंतर पुन्हा वजन. ज्याचं सगळ्यात जास्त वाढलं, तो कोबीचा राजा. असंच चालत आलंय.

मग टेबलावर परातीच आल्या. तासन्‌तास शिजलेला कुरळा कोबी, त्यावर पिंकेल, खारवलेल्या मांसाचे जाड तुकडे, बटाटे. अंटोन घरी. सगळं गाव समोर. आणि सासरेबुवा माझ्या थाळीत वाढतायत, "खा जावयबापू, आज दुकानाची अब्रू तुझ्या पोटात!"

मी शिकारीचा जाडा कोट खुर्चीच्या पाठीला अडकवला होता, माझ्या आणि गेशेच्या मध्ये. त्याला आतून मोठा खिसा आहे. कुणी हसलं, कुणी गाणं धरलं की एकेक पिंकेल कागदी रुमालात गुंडाळून आत सरकवायचो. चोर झाल्यासारखं वाटत होतं. गेशेचं लक्ष नव्हतं. तीही सारखी रुमालाने तोंड पुसत होती आणि माझ्याकडे पाठ करून पलीकडच्या बाईशी बोलत होती. थाळी मात्र तिची चाटूनपुसून साफ. मला जरा हेवाच वाटला.

पाळकबाई समोर बसल्या होत्या. एकदा नजरानजर झाली. मी वरमलो. त्यांनी बटाट्यांचा वाडगा आधी माझ्याकडे सरकवला, मग गेशेकडे. तिला कशाला सरकवला कोण जाणे.

जेवणं झाली, कोट चढवून सगळे पुन्हा काट्यावर. माझा नंबर आला आणि काटा धाडकन खाली गेला. सासरेबुवांनी दोनदा वजन केलं. खानावळवाला म्हणाला, माझ्या बापाच्या वेळेपासून असं खाणारा पाहिला नाही. हलकल्लोळ! मला खुर्चीवर उभं केलं आणि माझ्या गळ्यात राजाचं पदक घातलं. पदक म्हणजे लाल फितीला बांधलेलं डुकराच्या जबड्याचं हाड, दातांसकट. थंड होतं, शर्टाच्या आतपर्यंत लागलं.

सासरेबुवांचा आवाज भरून आला. "मुलगा नाही म्हणून देवाशी भांडत होतो मी. आज सगळ्यांसमोर सांगतो, देवाचं बरोबर होतं. मंगळवारी दुकान माझ्या जावयाचं." सगळ्यांनी टेबलं बडवली. गेशे रडत होती. मलाही रडू आलं, पण मला वाटतं कारण वेगळं होतं.

घरी येऊन न्हाणीघरात खिसे रिकामे केले. आतल्या खिशात मी घातलेली सॉसेजेस होतीच. बाहेरच्या खिशातही निघाली, तितकीच, वर मांसाचे दोन तुकडे. बाहेरच्या खिशात मी काही घातल्याचं आठवत नाही. दारूत हात कुठेही गेला असेल. सगळं अंटोनला दिलं. एवढं द्यायला नको होतं.

२ फेब्रुवारी

पहाटे अंटोन कण्हत होता. पशुवैद्याने दोन दिवस ठेवून घेतलं. "कुणी घातलं एवढं? याला मारायचंय का तुम्हाला?" म्हणाला. मी आणि गेशे दोघंही एकदम म्हणालो, "माझंच चुकलं." माझी चूक तीही अंगावर घेते. चांगली बायको आहे, आणि मी तिला फसवतोय.

उद्या सही. सही केली की मरेपर्यंत. आज ओन्नोने डुकरं आणलीच नाहीत, त्याची गाडी बर्फात अडकली. मला हायसं वाटलं. का वाटलं, ते लिहीत नाही.

३ फेब्रुवारी

सकाळी गेशेने न्याहारीला सॉसेज तळलं. आज मोठा दिवस, म्हणाली. दोन थाळ्या, दोन सॉसेजेस, चहा. आम्ही बसलो. सवयीने माझा हात टेबलाखाली गेला. खाली कुणी नव्हतं.

मी सुरीने सॉसेजचे तुकडे केले. मग तुकड्यांचे तुकडे केले. गेशे चहा ओतत होती. आमच्याकडे चमचा कपात उभा केला की पुरे, तोवर ओतत राहायचं. मी चमचा बशीतच ठेवला, निदान चहा पीत होतो तोवर खावं लागत नव्हतं. तिनेही चमचा बशीतच ठेवला होता. खडीसाखरेचा डबा संपला. सॉसेजवरची चरबी पांढरी झाली. दोघंही खिडकीतून बाहेर बघत होतो, आणि बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

आम्हाला न्यायला सासरेबुवा आले, काळा सूट, हातात टोपी. "चला, उठा! नोटरी काय..." आणि थांबले. माझ्या थाळीकडे बघितलं. मग गेशेच्या. मग म्हणाले, "कुत्रा कुठंय?"

"दवाखान्यात," मी म्हटलं.

ते कण्हत कण्हत वाकले आणि टेबलाखाली बघितलं. सरळ झाले तेव्हा चेहरा लालबुंद होता. "अस्सं होय. दोघंही?"

काय विचारतायत ते मला कळेना. गेशे कपाकडे बघत म्हणाली, "माझं मला माहीत होतं, बाबा. याचं आत्ता कळतंय."

मग मलाही कळलं. बाहेरचा खिसा, सोफ्याएवढा कुत्रा, बटाट्यांचा वाडगा, सगळं एकदम. आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं, फक्त इथे दळणारी आंधळी दोन होती.

सासरेबुवांनी टोपी टेबलावर ठेवली. ओरडले असते तर बरं झालं असतं. "मग मी शनिवारी राजा केला तरी कुणाला, गाढवांनो?" एवढंच म्हणाले. "ते हाड आण इकडे." मी आणून दिलं. त्यांनी ते कोटाच्या खिशात घातलं, टोपी चढवली आणि गेले. गाडी नोटरीच्या रस्त्याला वळली नाही. दुकानाकडे गेली. मंगळवार होता, दुकान कुणीतरी उघडायलाच हवं होतं.

मी गेशेला विचारलं, "कधीपासून?"

"लिनीने घेतलं नाही ते अर्धं सफरचंद माझ्या हातातच राहिलं होतं," ती म्हणाली. "ते मला खाता आलं नाही. मग नंतर मांसही नाही. आणि तू तर म्हणालास, एक दिवसही नाही."

"तुला बरं वाटावं म्हणून म्हटलं."

"मला बरं वाटावं म्हणून!" ती हसायला लागली आणि हसता हसता तिने तोंड टेबलक्लॉथमध्ये लपवलं.

दहाच्या सुमारास आम्ही दुकानात गेलो. जाऊन काय करायचं ते ठरलं नव्हतं, पण म्हाताऱ्याला एकटं कसं सोडायचं? मी एप्रन बांधला. एका बाईने हॅम मागितलं, "राजेसाहेब, पातळ कापा हं!" मी सुरी उचलली आणि माझा हात थरथरायला लागला. सासरेबुवांनी बघितलं. जवळ आले, माझ्या हातातून सुरी काढून घेतली आणि स्वतः कापायला लागले. हात त्यांचाही थरथरत होता, पण तो वयाने. तुकडे जाड पडले. बाईने ते तसेच घेतले आणि पैसे दिले.

मला वाटत होतं, खरं बाहेर आलं की मोकळं वाटेल. त्या जाड तुकड्यांकडे बघून काही मोकळं वाटलं नाही.

आज: चहा. पोट: दुखत नाही. बाकी डॉक्टरबाईंनी विचारलेलं नाही.

४ फेब्रुवारी

संध्याकाळी अंटोनला घरी आणलं. जरा बारीक झालाय, चालतो नीट. सासरेबुवाही जेवायला आले. बोलावलं नव्हतं, आपणहून आले. येताना कागदात गुंडाळून एक पिंकेल आणलं होतं, फक्त स्वतःपुरतं. गेशेने ते उकळून त्यांच्या थाळीत वाढलं, आणि आमच्या थाळ्यांत बटाटे, बीट, अंडी.

जेवताना सासरेबुवा म्हणाले, "सोमवारी डुकरं येणार. ओन्नोला काय सांगू?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही, बाबा."

"मलाही नाही," ते म्हणाले, आणि मीठ मागितलं. गेशेने दिलं.

अंटोन नेहमीप्रमाणे टेबलाखाली जाऊन बसला होता. माझ्या गुडघ्यावर त्याने तोंड ठेवलं, थोडा वेळ वाट बघितली. मग उठून गेशेच्या गुडघ्यावर ठेवलं. वरून कुणीच काही देईना. शेवटी तो बाहेर आला आणि समोर उभा राहून आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघत राहिला.